१९६२ ची ट्रायम्फ हेराल्ड कन्व्हर्टिबल विकायची आहे: आहे तशी द्यावी की आधी काम करून?

प्रभातरोडकर

नमस्कार मंडळी. आजोबांच्या नावावरची ट्रायम्फ हेराल्ड १२०० कन्व्हर्टिबल विकायची आहे. प्रभात रोडच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. बंगला रिडेव्हलपमेंटला गेलाय आणि बिल्डरला पावसाळ्याआधी जागा मोकळी हवी आहे.

आरसी बुकावर १९६२ ची नोंद आणि तीन अक्षरी जुना नंबर. पानं सुटी झालीत पण सगळी आहेत. रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स केव्हाच संपलेलं. बॅटरी जोडून स्टार्टर मारला तर नुसतं टक् होतं. हूडचं, म्हणजे घडीच्या छताचं कापड गेलंय, लोखंडी फ्रेम शाबूत. बंपरचं पांढरं रबर तडकलेलं, डॅशबोर्डच्या लाकडाचे पापुद्रे निघालेत. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा सडून फरशी दिसते. दरवाजे लागतात, पण उजवा उचलून लावावा लागतो. चारही टायर फ्लॅट.

आत्तापर्यंत आलेले सल्ले: एक गॅरेजवाला म्हणतो लांबी (पुट्टी) भरून लाल रंग मारून देतो, दुप्पट भाव येईल. एक एजंट म्हणतो टीटी (मालकी हस्तांतराच्या) फॉर्मवर सह्या करून द्या, रोख घ्या, उद्या गाडी उचलतो. आणि काकांचं म्हणणं, भंगारात घाला आणि मोकळे व्हा.

आजोबा हयात नाहीत. वारस तिघं: बाबा, काका आणि आत्या. विकण्याबद्दल तिघांचं एकमत आहे, भावाबद्दल नाही. तर आहे तशी विकावी की निदान इंजिन चालू करून? आणि भाव ठरवायचा कसा?

जुनंलोखंड

सगळ्यात आधी त्या गॅरेजवाल्याला शेडची किल्ली देऊ नका. ताजा लाल रंग बघितला की जाणकार गिऱ्हाईक आधी खिशातून लोहचुंबक काढतो आणि मग भाव पाडतो. सडका पत्रा उघडा असला तर किती सडलाय ते मोजता येतं. झाकला की गिऱ्हाईक सगळीच गाडी सडकी धरून हिशेब करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. खालून काळा अंडरकोट मारायचा सल्लाही कुणीतरी देईलच. तोही नको.

तुमच्या गाडीचा भाव रंगावर ठरणारच नाहीये. ती कारखान्यातून उघडी बाहेर पडली का, यावर ठरणार आहे. हेराल्डच्या सलूनचं, म्हणजे पक्क्या छपराच्या मॉडेलचं छप्पर बोल्टवर बसवलेलं असतं. पुढच्या काचेच्या चौकटीचे आणि मागचे बोल्ट सोडले की ते अख्खं उचलून निघतं. त्यामुळे सलूनची कन्व्हर्टिबल करणं या गाडीत फार सोपं, आणि तशा केलेल्या गाड्या ढिगाने आहेत. त्या वाईट असतात असं नाही, पण भाव सलूनचा.

बोनेट उघडा. या गाडीत ते मडगार्डांसकट पुढे कलंडतं, दोन्ही बाजूंच्या कड्या सोडाव्या लागतात. इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर रिव्हेट केलेली छोटी प्लेट दिसेल, ती कमिशन प्लेट, तिच्यावर गाडीचा कारखान्यातला नंबर असतो. १२०० चा नंबर 'जीए'ने सुरू होतो. शेवटची अक्षरं 'सीव्ही' असतील तर कन्व्हर्टिबल, 'डीएल' असतील तर सलून. प्लेट ओल्या फडक्याने पुसा, ब्रासोने घासू नका. रिव्हेटचा जवळून फोटो घ्या. आजूबाजूचा रंग जुना आणि रिव्हेट नवे चकचकीत असले, तर प्लेट दुसऱ्या गाडीवरून आली असा संशय कोणीही घेईल.

प्लेट सीव्ही निघाली तर इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून गाडी कधी बांधली, मूळ रंग कुठला, इंजिन नंबर काय, कुठे पाठवली, हे लिहून देतात. रंगकामाला लागणाऱ्या पैशाच्या मानाने फी काहीच नाही, आणि विकताना तो कागद रंगापेक्षा जास्त कामाला येतो.

आता चेसिस. हेराल्डला वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) आहे, आजच्या गाड्यांसारखी मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच अशी नाही. मध्ये दोन मुख्य रेल आणि त्यांच्यातून बाहेर निघालेले आउटरिगर, त्यावर बॉडी बोल्टने बसते. तुमच्या पायाखालचा पत्रा गेलाय ते दिसायला भयंकर, पण तो बदलता येतो. दरवाज्याखालचे सिलही बोल्टचे आहेत, त्यांच्यावर गाडीचा भार नाही. आउटरिगर तयार मिळतात किंवा इथला चांगला फॅब्रिकेटर १६ गेज पत्र्यात वाकवून देतो. जीव अडकलेला असतो तो मागे, डिफरन्शिअलच्या आसपास मुख्य रेल जिथे जवळ येतात तिथे. तिथे चिखल साठतो आणि रेल आतून खाल्ले जातात. टॉर्च घेऊन खाली जा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर तिथला फोटो काढा आणि जाहिरातीत टाका. हो, टाका. लपवलंत तर गिऱ्हाईक बघायला आल्यावर सापडणारच, आणि मग बाकी सगळ्यावरचाही विश्वास उडतो.

उजवा दरवाजा उचलून लावावा लागतो म्हणालात. बिजागरीची पिन झिजली असेल तर किरकोळ. चेसिस खचली असेल तर मोठं काम. फरक असा ओळखा: दरवाजा लावून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली किती आहे ते मोजा. मग मुख्य रेलखाली लाकडी फळी ठेवून जॅक थोडा उचला आणि पुन्हा मोजा. छप्पर नसलेल्या गाडीत सगळा भार खालीच असतो, त्यामुळे चेसिस गेली असेल तर फट डोळ्यादेखत बदलते. गाडीखाली शिरायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर नाही.

आरटीओपुराण

वरचं सगळं बरोबर, पण कागद नीट नसतील तर सीव्ही असो नाहीतर डीएल.

एजंटाला सह्या देऊ नका, हे आधी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की गाडी प्रत्यक्षात कितीही हात बदलून गेलेली असो, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. तुमच्या बाबतीत तर आणखी विचित्र: नाव आजोबांचं आणि सही करणार कोण? मयत माणसाच्या नावाच्या टीटी फॉर्मवर वारसाने सही ठोकली की ते हस्तांतर नाही, बनावट कागद आहे.

क्रम असा. आधी फॉर्म ३१, म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करणं. त्याला मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा, आणि ज्याच्या नावावर करायची तो सोडून इतरांची नोटरीसमोर केलेली ना-हरकत. तुमच्याकडे बाबांच्या नावावर करायची ठरली तर काका आणि आत्या दोघांच्या लागतील. ही ना-हरकत घेतानाच भावाची वाटणी लेखी ठरवून टाका, नाहीतर गिऱ्हाईक टोकन घेऊन दारात उभा असताना घरात वाद सुरू होतो. मग बाबा विकणार: फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं. परराज्यात चालली तर फॉर्म २८ ची एनओसी.

यातल्या अडचणी. तीन अक्षरी नंबर आरटीओच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत बहुधा सापडणारच नाही, जुन्या हस्तलिखित रजिस्टरमध्ये असेल. त्याची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. संगम पुलाजवळच्या ऑफिसात मूळ बुक घेऊन जा, पण आधी प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा आणि सुटी पानं टाचू नका.

दुसरी: पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरवर कागद धरून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. इन्स्पेक्टर चेसिस नंबरची प्रिंट मागतो आणि ब्रिटिश हेराल्डच्या चेसिसवर नंबर ठोकलेला नसतो, तो कमिशन प्लेटवरच असतो. कुणीतरी सुचवेल की पंच घेऊन रेलवर नंबर ठोकून टाकू. अजिबात नाही. चेसिस नंबरमध्ये हातचलाखी केल्यासारखं दिसतं ते. प्लेटचीच प्रिंट द्यायची आणि सोबत हेरिटेज सर्टिफिकेट जोडायचं. ते मागवायचं हे आणखी एक कारण.

तिसरी: रजिस्ट्रेशनची मुदत. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे फॉर्म २५ वर दर वेळी ५ वर्षांचं नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीला चालत्या स्थितीत न्यावी लागते. तुमची चालत नाही. दुसरा रस्ता म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज नोंदणी. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला मिळते. अर्ज फॉर्म २० वर, प्रमाणपत्र फॉर्म २३ए, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या पुनर्नोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. बंधन असं की रोज वापरता येत नाही: प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा ही अट. हे दोन्ही रस्ते गिऱ्हाईकासाठी मोकळे ठेवा. तुम्ही घाईने व्हिंटेज करून ठेवलीत आणि त्याला रविवारी मुळशीला चक्कर मारायची हौस असली, तर तोच भाव पाडेल.

पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला असतो, देणाऱ्याला नाही.

कर्वेनगरी

काकांना सांगा, भंगारवाला लोखंडाचा भाव देईल, तीन अक्षरी नंबरचा नाही.

आरटीओपुराण

@कर्वेनगरी, नंबरचा भाव देणारेही असतात, तेच धोक्याचे. नुसती आरसी आणि प्लेट मागतात, 'गाडी तुम्हीच ठेवा' म्हणतात. त्या कागदावर दुसरीच कुठली तरी बेवारस गाडी उभी करायची असते. म्हणून प्लेट, बुक आणि गाडी कधीही वेगवेगळं विकू नका, आणि जाहिरातीत टाकताना कमिशन नंबर व इंजिन नंबरचे शेवटचे आकडे झाका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं दिसली की जाणकाराला पुरतं.

दहाअकराचापाना

इंजिनाबद्दल. पुन्हा स्टार्टर मारू नका. पिस्टन रिंगा सिलिंडरला धरल्या असतील तर जोर लावून त्या तुटतात, आणि आज जे नुसतं जाम आहे ते उद्या बोअरिंगचं (सिलिंडर आतून कातण्याचं) काम होतं.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये १५-२० मिली पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालेल. भोकांवर फडकं ठेवून आठवडाभर विसरा, मधे एकदा परत थोडं सोडा. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि थोडं पुढे, थोडं मागे असं झुलवा. फिरला तर उत्तम, नाही फिरला तर पाइप घालून लटकू नका. 'जाम आहे' असं लिहून विका. 'हाताने फिरतं' आणि 'जाम आहे' यात भावाचा फरक पडतो, 'चालू आहे' साठी मात्र तुम्हाला आणखी बरंच करावं लागेल आणि ते करू नये असं माझं मत. जुन्या पेट्रोलचा टाकीत डिंक झालेला असतो, तो कार्ब्युरेटरमध्ये ओढला की जेट बंद. पंपाचं डायाफ्राम आणि रबरी नळ्या त्या काळच्या, आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने त्या फुगून चिरतात. उघड्या इंजिनावर पेट्रोलची धार आणि शेडमध्ये आग, एवढंच होईल.

फिरलंच तर एक तपासणी करा, गिऱ्हाईकही करणार आहे. कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि क्रँक पुलीकडे बघा. क्लच दाबल्यावर पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर मागच्या मेन बेअरिंगजवळचे थ्रस्ट वॉशर झिजलेत किंवा खाली पडलेत. या इंजिनाचं ते जुनं दुखणं आहे. पडलेत तर क्रँक ब्लॉकलाच घासतो आणि ब्लॉक वाया जातो.

इंजिन नंबर ब्लॉकवरच, स्पार्क प्लगच्या बाजूला हेडच्या लगेच खालच्या पट्टीवर असतो. ब्रेक क्लीनर आणि तारेऐवजी नायलॉनचा ब्रश. मूळ १२०० असेल तर नंबर 'जीए'ने सुरू, 'एचई' किंवा 'एलई'ने शेवट. इथे अनेक गाड्यांत पुढे मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं ९४८ सीसी इंजिन बसवलेलं सापडतं, कारण तेच मिळायचं. आरसीशी ताडून बघा.

गाडी हलवताना पुढच्या चाकांकडे लक्ष द्या. हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनला खाली पितळी ट्रनियन असतो, त्यात पोलादी खांब आट्यांवर फिरतो. त्यात ९० नंबर गिअर ऑइल भरायचं असतं. आपल्याकडे निपल दिसलं की ग्रीस गन लागते. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी राहतं, खांब गंजतो आणि एक दिवस वळणावर मोडून चाक आडवं पडतं. तुमच्या गाडीत काय भरलंय कुणास ठाऊक, तेव्हा चाकं वाकडी करून ढकलू नका.

टायरसाठी फार खर्च नको. रिम १३ इंची आहे, वापरलेले १४५/८० आर १३ चार मिळाले तरी गाडी सरकवण्यापुरते पुरतात. जुने टायर मात्र टाकू नका, त्यावरचं नाव कधीकधी गिऱ्हाईकाला हवं असतं.

जुनंलोखंड

@दहाअकराचापाना, इंजिन चालू न करण्याबद्दल सहमत, पण ब्रेक मोकळे करायलाच हवेत. इतकी वर्षं उभ्या गाडीचे शू ड्रमला चिकटलेले असतात. अ‍ॅडजस्टर ढिले करून ड्रमच्या कडेवर लाकडी हातोड्याने ठोकलं की सुटतात. साखळी लावून ओढणाऱ्यांनी किती ड्रम फोडले असतील.

प्रभातरोडकर

सगळ्यांचे आभार. शेडमध्ये जाऊन बघितलं.

कमिशन प्लेट मूळचीच वाटते, जीएने सुरू, शेवटी सीव्ही. आरसीवरचा चेसिस नंबर तोच आहे. पण आरसीत बॉडीच्या रकान्यात शाईने 'सलून' लिहिलंय. गाडीतल्या इंजिनाचा नंबर आरसीशी जुळत नाही, जीएने सुरूही होत नाही. शेडच्या कोपऱ्यात मात्र गोणपाटाखाली एक सुटा ब्लॉक सापडला. हेड नाही, क्रँक आत आहे. त्यावरचा नंबर जीए… एचई, आणि तो आरसीशी तंतोतंत जुळतो.

दरवाज्याची फट वर ४ मिलीमीटर, खाली ९. जॅक उचलल्यावर वर ७, खाली ६ झाली. डिफरन्शिअलपाशी ठोकलं, डाव्या बाजूला टणटण, उजव्या बाजूला बोटभर लांबीचं भोक आहे. आउटरिगर दोन्ही पुढचे गेलेत.

मग याचा अर्थ काय घ्यायचा, आणि भाव?

दहाअकराचापाना

तो ब्लॉक भंगारवाल्याच्या नजरेला पडू देऊ नका! गाडीत बसलेल्या इंजिनापेक्षा तो जास्त मोलाचा आहे. मोकळ्या भोकांवर तेलाचं फडकं कोंबा, आतून तेल लावा, लाकडी फळीवर ठेवा. मग उलटा करून मागच्या मेन बेअरिंगची कॅप बघा. थ्रस्ट वॉशरची बैठक गोल खाल्लेली दिसली तर इंजिन का उतरवलं होतं ते कळलं. तिथे मशीनिंग करून दुरुस्त करणारे आहेत, पण ते गिऱ्हाईकाचं काम. तुम्ही फोटो द्या.

आरटीओपुराण

इंजिन बदलाची नोंद करत बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ती करायची तर नव्या इंजिनाचं बिल विचारतील, ते तुमच्याकडे नाही. आरसीवर मूळ नंबर आहे, मूळ ब्लॉक हातात आहे. गिऱ्हाईकाने तोच बांधून बसवला की कागद आणि गाडी आपोआप जुळतात. विक्रीच्या करारात दोन्ही इंजिनांचे नंबर लिहा आणि दोन्ही सोबत दिल्याचं नमूद करा.

'सलून'चं मात्र आधी बघा. कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दामुळे उद्या कोणीही म्हणेल की छप्पर उडवून केलेली गाडी आहे, आणि व्हिंटेज नोंदणीत बॉडीतल्या फेरफाराचा मुद्दा अडवा येईल. हेरिटेज सर्टिफिकेट आलं की त्यासोबत प्लेटचे फोटो, हूडच्या फ्रेमचे फोटो आणि आजोबांच्या कपाटातली जुनी पावती, इन्शुरन्स, काय असेल ते जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. इन्स्पेक्टर गाडी बघायला मागू शकतो. वेळ लागेल. वेळ नसेल तर निदान सर्टिफिकेट गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि नोंद चुकीची आहे हे करारात लिहा.

जुनंलोखंड

फटीच्या आकड्यांनी उत्तर दिलंय. जॅकवर ३-३ मिलीमीटर फरक पडतोय म्हणजे बिजागरी नाही, चेसिस बसलीय. पुढचे आउटरिगर गेल्यावर हे व्हायचंच. उजव्या रेलचं भोक डिफरन्शिअलपाशी आहे, म्हणजे बॉडी उतरवून चेसिसचं काम. या गाडीत बॉडी उतरते हे तिचं सुदैव, मोनोकॉक असती तर मी काकांच्या बाजूने बोललो असतो.

भाव सांगत नाही, काढायचा कसा ते सांगतो, कारण गिऱ्हाईक असाच काढतो. समजा कागद स्वच्छ असलेली, पूर्ण तयार, खरी सीव्ही गाडी १०० रुपयांना जाते. आकडे फक्त पद्धत दाखवायला. चेसिस आणि पत्र्याला २२, इंजिन-गिअरबॉक्सला १२, रंगाला १२, हूड आणि सीटला १०, क्रोम, काचा, रबराला १०, ब्रेक-वायरिंग आणि सटरफटर ९. झाले ७५. उरलेल्या २५ मध्ये त्याची जोखीम, दीड-दोन वर्षांची मेहनत आणि नफा. म्हणजे तो १० देतो म्हणणार. तुम्ही जे मोकळं करून द्याल ते या २५ मध्ये तुमच्या बाजूला सरकतं: वारस नोंद झालेली, सर्टिफिकेट हातात, मूळ ब्लॉक सोबत, हूड फ्रेम पूर्ण, इंजिन हाताने फिरतं. या सगळ्याला खर्च थोडा आणि वजन जास्त. रंगाला तुम्ही १२ घालवलेत तर त्याच्या हिशेबातून १२ कमी होणार नाहीत, उलट तुमचा रंग खरवडायचे २ वाढतील.

हूड फ्रेमचं महत्त्व कमी धरू नका. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचं बरंच सामान मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डवरून चालतं, दक्षिणेत अजून निघतं. दोन दरवाज्यांच्या जुन्या हेराल्डचे दरवाजे, बोनेटसुद्धा मिळून जाईल. पण हूडची फ्रेम, तिचे पुढचे कॅच आणि मागचा डेकचा पत्रा फक्त कन्व्हर्टिबलचा, आणि तो नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात मिळत नाही, इंग्लंडहून आणावा लागतो. शेडमधल्या प्रत्येक डब्यात बघा. चौकोनी ब्रॅकेट, वाकडी पट्टी, क्रोमची कड, काहीही असो, ओळखू आलं नाही तरी पिशवीत घालून चिठ्ठी लावा. फ्रेम एकदा हळूच पूर्ण उघडून फोटो काढा, सांधे अडले तर आधी तेल सोडा. जोर केला की रिव्हेट निघतात.

प्रभातरोडकर

समजलं. बाबांच्या नावावर करायची ठरवलंय, काका राजी झाले. शेवटचा प्रश्न: वारस नोंद व्हायच्या आत जागा सोडावी लागली तर गाडी हलवायची कशी? बिल्डर हायड्रा (क्रेन) देतो म्हणतोय.

दहाअकराचापाना

हायड्रा नको. पट्टा बॉडीखालून घेतील आणि खचलेल्या चेसिसची गाडी मधोमध लचकेल. दरवाजे दोन्ही लावून, कड्या घालून ठेवा, उघड्या दरवाज्याने उचललीत तर परत लागणार नाहीत. फ्लॅटबेड बोलवा, विंचवाला. हुक मुख्य रेलच्या पुढच्या टोकाला, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला नाही. वर चढवल्यावर चाकांना पट्टे बांधायला सांगा, बॉडीवरून नाही. शेडच्या दाराशी उतार किंवा उंबरा असेल तर फळ्या टाका, पुढचं सस्पेन्शन धक्का खाणारं राहिलेलं नाही. बॅटरी काढून घ्या. बसवताना कधी लागलीच तर बघा, त्या काळच्या हेराल्डला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला, सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडली की डायनॅमोचं बिघडतं.

आरटीओपुराण

गाडी नेमकी कुठे जातेय ते महत्त्वाचं. स्वतःच्याच दुसऱ्या जागेत नेताय तर काही प्रश्न नाही. गिऱ्हाईकाकडे नेताय तर टोकन घेऊन ताबा देऊ नका. गाडी देणं भागच असेल तर ५०० च्या स्टँपवर करार: गाडी बंद आहे, नोंदणीची मुदत संपलेली आहे, हस्तांतर होईपर्यंत रस्त्यावर चालवायची नाही, ताबा अमुक तारखेला अमुक वाजता फ्लॅटबेडवरून दिला. फ्लॅटबेडवर चढलेल्या गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो, ट्रकवाल्याची पावती, गिऱ्हाईकाच्या आधार आणि पॅनची प्रत. मूळ आरसी बुक पूर्ण पैसे आणि सह्या होईपर्यंत तुमच्याकडे, त्याला झेरॉक्स.

जुनंलोखंड

जाहिरातीचा मसुदा देतो, तुमचे आकडे घाला:

'ट्रायम्फ हेराल्ड १२०० कन्व्हर्टिबल, १९६२, पुणे. कारखान्याची कन्व्हर्टिबल, कमिशन नंबर जीए… सीव्ही, हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं आहे. आरसीत बॉडी सलून अशी चुकीची नोंद. मूळ १२०० चा ब्लॉक क्रँकसह सुटा, नंबर आरसीशी जुळतो. सध्या गाडीत दुसरं इंजिन, जाम. पुढचे दोन्ही आउटरिगर आणि ड्रायव्हरकडचा फ्लोअर सडलेला, उजव्या रेलला डिफरन्शिअलपाशी भोक, दरवाज्याच्या फटी बसलेल्या. हूड फ्रेम पूर्ण, कापड नाही. रंग जुनाच, नव्याने काही केलेलं नाही. वारस नोंदीचं काम चालू. बघायला या, टॉर्च आणि लोहचुंबक आणा. फक्त अख्खी गाडी, सुटे भाग नाहीत.'

सोबत २५-३० फोटो, त्यातले निम्मे खालून काढलेले. पत्ता जाहिरातीत टाकू नका, शेडला कुलूप आहे का तेही बघा.